दुसरा अपस्ट्रीम घेताना: मार्गांची राखण, राउटरची निवड आणि कोकणातली हवा

देवगड तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. केबल टीव्हीच्या धंद्यातून इंटरनेटकडे वळलेल्या एका सेवादात्याकडे आज सुमारे २,२०० ग्राहक आहेत. आजवर त्याचे काम एकाच अपस्ट्रीमवर, म्हणजे त्याला बाकीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या एकाच मोठ्या कंपनीवर, चालले. आता त्याला आयआरआयएनएनकडून (भारतात इंटरनेट पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून) स्वतःचा एएस क्रमांक, म्हणजे जाळ्याचा ओळख क्रमांक, आणि आयपीव्ही४ पत्त्यांचा एक /२४ ब्लॉक (२५६ पत्ते; रेषेपुढचा आकडा जितका मोठा तितका ब्लॉक लहान) मिळाला आहे. तो ब्लॉक सध्या जुना अपस्ट्रीम आपल्याच एएस क्रमांकावरून जाहीर करतो. दुसऱ्या अपस्ट्रीमशी करार झाला आहे आणि पुढच्या महिन्यात बीजीपी (जाळ्यांनी एकमेकांना मार्ग सांगण्याची पद्धत) सुरू करायचे आहे. जगाचा संपूर्ण राउटिंग टेबल (सगळ्या मार्गांची यादी) पेलण्यासाठी मुंबईत स्वस्तात मिळणारा जुना सिस्को ७६०० चॅसिस (कार्डे खोचून वापरायचा मोठा राउटर) घ्यावा का, आणि आरपीकेआय (कोणता ब्लॉक कोणत्या क्रमांकावरून जाहीर व्हावा हे सहीने सिद्ध करण्याची व्यवस्था) ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट आहे की आपल्यालाही ती करावी लागेल, असे त्याने विचारले आहे. मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गेली सतरा वर्षे हेच काम करतो आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहितो.

राउटरचा प्रश्न तुम्ही आधी मांडला आहे, पण मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो. राउटरची निवड चुकली तर नुकसान तुमचे होते. मार्ग जाहीर करण्यात चूक झाली तर ज्यांचा तुमच्याशी काडीचाही संबंध नाही अशांचे इंटरनेट बंद पडू शकते.

एकाच अपस्ट्रीमवर असताना तुमचे जाळे वाडीच्या टोकाच्या घरासारखे होते. येण्याजाण्याची वाट एकच, त्यामुळे तुमच्या अंगणातून परक्याने जाण्याचा प्रश्नच नव्हता. आता अंगणाला दोन बाजूंनी वाट फुटणार आहे. पहिल्या अपस्ट्रीमकडून कळलेले मार्ग तुमच्या राउटरने दुसऱ्याला सांगितले, तर त्याच्या लेखी तुम्ही त्या सगळ्या ठिकाणांकडे नेणारी वाट ठरता. बहुतेक अपस्ट्रीम पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून आलेल्या मार्गाला इतर मार्गांपेक्षा अधिक पसंती देतात, त्यामुळे हजारो अनोळखी जाळ्यांची रहदारी तुमच्या दहा गिगाबिटच्या लिंककडे वळते आणि तिथेच गुदमरते. यालाच रूट लीक म्हणतात. १६ एप्रिल २०२१ रोजी आपल्याच देशातल्या व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून, तिच्या नसलेल्या तीस हजारांहून अधिक मार्गांची घोषणा जगभर गेली होती. त्याआधी २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदी अमलात आणण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांचा एक /२४ तुकडा आपल्या जाळ्यात वळवला. तो मार्ग हाँगकाँगच्या अपस्ट्रीममार्फत बाहेर पडला आणि यूट्यूब जगाच्या मोठ्या भागात बंद पडले. यूट्यूब स्वतः /२२ जाहीर करत होते. राउटर नेहमी अधिक नेमका, म्हणजे लहान ब्लॉकचा मार्ग निवडतो, म्हणून खऱ्या मालकाचा मार्ग मागे पडला. या दोन्ही घटनांत बाहेर जाणाऱ्या मार्गांवर चूक करणाऱ्या जाळ्याने आणि आत येणाऱ्या मार्गांवर त्याच्या अपस्ट्रीमने चाळणी लावली असती, तर चूक घरातच राहिली असती.

म्हणून बीजीपीचे सत्र (अपस्ट्रीमच्या राउटरशी मार्गांची देवाणघेवाण) उभे करण्याआधी फिल्टर लिहा. दोन्ही अपस्ट्रीमकडे जाणाऱ्या दिशेला प्रीफिक्स लिस्टमध्ये (परवानगी असलेल्या ब्लॉकच्या यादीत) तुमचा स्वतःचा /२४ आणि आयपीव्ही६ चा ब्लॉक घेतला असेल तर तो, एवढेच असावे. बाकी सर्व नाकारावे. फिल्टर नसेल तर काही राउटर काहीच जाहीर करत नाहीत आणि काही राउटर माहीत असलेले सगळे जाहीर करतात, म्हणून उपकरणाच्या मूळ वर्तनावर विसंबू नका. येणाऱ्या दिशेला तुमचाच ब्लॉक, खासगी वापराचे पत्ते आणि /२४ हून लहान तुकडे नाकारा, आणि मार्गसंख्येची कमाल मर्यादा लावा, म्हणजे अपस्ट्रीमच्या हातून चूक झाली तर सत्र बंद पडेल, राउटर कोसळणार नाही. एका दुपारचे हे काम आहे, पण ते सत्र सुरू झाल्यानंतरच्या दुपारी करू नये.

आता आरपीकेआय. त्याचे दोन भाग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला भाग म्हणजे आरओए: अमुक ब्लॉक अमुक एएस क्रमांकावरूनच जाहीर होऊ शकतो, असे सही केलेले विधान. ते ब्लॉकच्या मालकानेच, म्हणजे तुम्हीच, आयआरआयएनएनच्या पोर्टलवरून करायचे असते. दुसरा भाग म्हणजे तपासणी: इतरांकडून आलेला मार्ग त्याच्या आरओएशी ताडून पाहणे आणि न जुळल्यास टाकून देणे. पहिला भाग तुम्हाला केलाच पाहिजे. त्याला वेगळा खर्च नाही, नवे उपकरण लागत नाही, आणि उद्या कोणी तुमचा ब्लॉक चुकून किंवा मुद्दाम जाहीर केला तर तपासणी करणारी जाळी त्याचा मार्ग आपोआप फेटाळतील. तुमचा ब्लॉक लहान आहे म्हणून त्यावर कोणाची नजर जाणार नाही, असे समजू नका. स्पॅम पाठवणाऱ्यांना वापरात नसलेले, कोणी लक्ष ठेवत नसलेले लहान ब्लॉकच हवे असतात.

मात्र तुमच्या आजच्या स्थितीत एक मोठा खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. माझा ब्लॉकही सुरुवातीला अपस्ट्रीमच्या क्रमांकावरून जाहीर होत असे. स्वतःचा एएस क्रमांक मिळाल्याच्या उत्साहात मी एका शुक्रवारी संध्याकाळी पोर्टलवर माझ्या नव्या क्रमांकाचा आरओए करून टाकला. बीजीपीचे सत्र पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचे होते. रात्री नऊपर्यंत फोन सुरू झाले. एका घरी व्हिडिओ चालत होता, पण बँकेचे पान उघडत नव्हते. दुसऱ्या घरी बँक चालत होती, पण मुलाची परीक्षेची नोंदणी अडकली होती. राउटरवर सगळे दिवे हिरवे, फायबरमधला प्रकाश ठीक, डीएनएस ठीक. दोन तास मी जाळ्याच्या आतच दोष शोधत बसलो. शेवटी बाहेरच्या एका लुकिंग ग्लासवरून (दुसऱ्या जाळ्यातून आपला मार्ग कसा दिसतो हे दाखवणाऱ्या पानावरून) माझाच ब्लॉक पाहिला, तेव्हा त्यापुढे ‘इनव्हॅलिड’ असे लिहिलेले होते. ब्लॉक अजून अपस्ट्रीमच्या क्रमांकावरून जाहीर होत होता आणि माझा आरओए सांगत होता की तो फक्त माझ्या क्रमांकावरून व्हावा. जी जाळी तपासणी करत होती त्यांनी माझा मार्ग फेकून दिला. जी करत नव्हती त्यांच्याकडे सर्व सुरळीत होते. अपस्ट्रीमच्या क्रमांकाचा दुसरा आरओए जोडला, तेव्हा मध्यरात्रीनंतर हळूहळू सगळे पूर्ववत झाले.

तेव्हा क्रम असा ठेवा की आधी जुन्या अपस्ट्रीमच्या एएस क्रमांकाचा आरओए करायचा, मग स्वतःच्या क्रमांकाचा; एकाच ब्लॉकला दोन आरओए असणे नियमात बसते. स्वतःच्या क्रमांकावरून ब्लॉक जाहीर होऊन दोन-चार दिवस नीट चालला की जुना आरओए काढून टाका. आरओएच्या कमाल लांबीच्या रकान्यात (ब्लॉकचा किती लहान तुकडा चालेल ते सांगणाऱ्या) २४ च ठेवा. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून तिथे मोठा आकडा टाकला, तर तुमच्या क्रमांकाचे सोंग घेऊन लहान तुकडा जाहीर करणाऱ्यालाही तो आरओए वैध ठरवतो. याबरोबरच रूट ऑब्जेक्टची (कोणता ब्लॉक कोणत्या क्रमांकावरून येतो त्याची सार्वजनिक) नोंद करून घ्या, कारण बरेच अपस्ट्रीम आणि मुंबईतल्या इंटरनेट एक्स्चेंजचे (अनेक जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात त्या जागेचे) रूट सर्व्हर त्या नोंदींवरून आपली चाळणी बनवतात.

दुसऱ्या भागाविषयी माझे मत अनेकांना पटत नाही. राउटरवर डीफॉल्ट रूट (वेगळा मार्ग माहीत नसलेले सगळे ज्या वाटेने पाठवायचे ती) ठेवून तपासणी सुरू केल्याने तुम्हाला फारसे संरक्षण मिळत नाही. तुम्ही खोटा मार्ग टाकून दिलात, तरी त्या पत्त्याकडे जाणारे पॅकेट डीफॉल्ट रूटने अपस्ट्रीमकडेच जाईल आणि त्याच्याकडे खोटा मार्ग असेल तर त्याच वाटेने पुढे जाईल. म्हणून तुमच्यासारख्या जाळ्याने अपस्ट्रीमलाच विचारावे की तो तपासणी करतो का आणि न जुळणारे मार्ग टाकतो का, आणि उत्तर लेखी घ्यावे. एक्स्चेंजवर पुढे थेट पीअरिंग (इतर जाळ्यांशी परस्पर देवाणघेवाण) करू लागाल, तेव्हा मात्र एका लहान लिनक्स यंत्रावर रूटिनेटर हे आरओए तपासणारे सॉफ्टवेअर बसवून तिथल्या सत्रांवर तपासणी लावा.

तुमच्या ग्राहकांकडून बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता तुम्ही त्याला दिलेलाच आहे ना, हे बीएनजीवर (ग्राहकांच्या जोडण्या जिथे येऊन मिळतात त्या राउटरवर) तपासण्याची सोय सुरू करा. मे २००० मध्ये आलेल्या बीसीपी ३८ या शिफारशीचा हाच गाभा आहे आणि पीपीपीओईच्या (ग्राहक नाव आणि पासवर्डने जोडला जातो त्या पद्धतीच्या) जाळ्यात तो एका ओळीत होतो. राउटरच्या व्यवस्थापनाचे पोर्ट बाहेरून बंद ठेवा. २०१८ मध्ये मायक्रोटिक कंपनीच्या राउटरांच्या विनबॉक्स या व्यवस्थापनाच्या साधनातल्या त्रुटीवरची दुरुस्ती उपलब्ध असूनही जगभरातले लाखो राउटर अद्ययावत न केल्यामुळे हल्लेखोरांच्या ताब्यात गेले होते. आणि दोन्ही अपस्ट्रीमकडून ब्लॅकहोल कम्युनिटी मागून घ्या. कम्युनिटी म्हणजे मार्गाला जोडायची खूण; ही खूण पाहून अपस्ट्रीम त्या पत्त्याकडे येणारी रहदारी टाकून देतो. ऑनलाइन खेळणाऱ्या एखाद्या मुलावर कोणी डिडॉस (रहदारीचा लोंढा सोडून जोडणी गुदमरवणारा हल्ला) सोडला, तर तो एक पत्ता बंद करून बाकीचा तालुका चालू ठेवण्याचा तो एकच झटपट मार्ग आहे.

आता राउटर. संपूर्ण टेबल घेण्याची तुमची इच्छा मला समजते, परंतु तो तुमच्या कोणत्या कामाचा आहे हे आधी पाहा. घरगुती ग्राहकांच्या जाळ्यात रहदारीचा फार मोठा भाग आत येणारा असतो. संपूर्ण टेबल बाहेर जाणारे पॅकेट कुठून पाठवावे एवढेच ठरवायला मदत करतो. आत येणारी रहदारी कोणत्या लिंकवरून येईल हे तुम्ही ब्लॉक कसा जाहीर करता त्यावर ठरते. त्यातही तुमच्याकडे एकच /२४ आहे. त्याचे दोन /२५ करून दोन लिंकवर वाटता येत नाहीत, कारण /२४ पेक्षा लहान तुकडा जग सहसा स्वीकारत नाही. म्हणजे एएस पाथ प्रीपेंड करणे (आपला क्रमांक पुन्हा पुन्हा लिहून एक वाट लांब दाखवणे) आणि अपस्ट्रीमच्या कम्युनिटी वापरणे एवढीच साधने हाती राहतात, आणि त्यासाठी लाखो मार्ग साठवण्याची गरज नाही. दोन्हीकडून डीफॉल्ट रूट आणि त्यांच्या स्वतःच्या ग्राहकांचे मार्ग घ्या. तुमच्या आकाराच्या जाळ्याला तेवढे पुरते.

तो चॅसिस स्वस्त का आहे, हेही लक्षात घ्या. आयपीव्ही४ चा जागतिक टेबल आज दहा लाख मार्गांच्या घरात आहे. सिस्को ७६०० ची एक्सएल, म्हणजे मोठ्या क्षमतेची, कार्डेसुद्धा टीकॅममध्ये (मार्ग साठवणाऱ्या खास मेमरीत) दहा लाखांच्या आसपास नोंदी ठेवतात, आणि त्याच जागेत आयपीव्ही६ चे मार्गही बसवावे लागतात, ज्यांना दुप्पट जागा लागते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी टेबलने ५१२ हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा जगभर तेवढीच मर्यादा लावलेल्या अशा जुन्या राउटरांनी मान टाकली होती. ज्या कामासाठी तुम्ही तो घेणार, तेच काम त्याला आता झेपत नाही. शिवाय भरलेला चॅसिस सहज एक किलोवॉट ओढतो. शंभर वॅटच्या आत चालणाऱ्या नव्या लहान राउटरच्या तुलनेत वर्षाला सुमारे ७,९०० युनिट जास्तीचे पडतात, त्यावर एसीचा भार वेगळा, आणि वीज गेल्यावर त्याच बॅटऱ्या एक तास चालतील की दहा तास, हेही त्यावरच ठरते.

माझ्या जाळ्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास एका ग्राहकामागे सरासरी दोन ते अडीच मेगाबिट रहदारी असते. त्या हिशेबाने तुमचा कमाल भार साडेपाच गिगाबिटच्या आसपास जाईल. एक लिंक तुटली की सगळा भार दुसरीवर येणार, म्हणून प्रत्येक लिंक एकटीने तेवढा पेलेल अशी घ्या. यासाठी मायक्रोटिकचा सीसीआर२११६ पुरेसा आहे. २५ किंवा १०० गिगाबिटची पोर्ट दोन-तीन वर्षांत लागणार असतील तर सीसीआर२२१६. मायक्रोटिकच्या राउटरओएस या प्रणालीची सहावी आवृत्ती चालवणारा जुना राउटर मात्र घेऊ नका, कारण त्या आवृत्तीत बीजीपीचे सगळे काम एकाच कोअरवर होत असे आणि आरपीकेआयची सोय नव्हती. सातव्या आवृत्तीत ती आहे. माझा खरा आग्रह एकासारखे एक दोन राउटर घेण्याचा आहे. चॅसिसच्या वाहतुकीसह येणाऱ्या खर्चात ते बसतील. एकावर बीजीपी, दुसऱ्यावर पीपीपीओई आणि सीजीनॅट (एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची सोय) ठेवा, आणि दोन्हींची मांडणी परस्परांवर चढवता येईल अशी जपून ठेवा, म्हणजे एक गेला तर दुसरा तात्पुरता सगळे सांभाळेल. पावसाळ्यात घाट बंद असताना मुंबई-पुण्याहून उपकरण यायला किती दिवस लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सीजीनॅटबद्दल थोडक्यात. प्रत्येक ग्राहकाला पोर्टचा, म्हणजे सामायिक पत्त्यावरच्या जोडणी-क्रमांकांचा, ठरलेला गट द्या. एका पत्त्यावरील वापरण्याजोगी ६४,५१२ पोर्ट सोळा ग्राहकांत वाटली तर प्रत्येकाला ४,०३२ मिळतात आणि २,२०० ग्राहकांना १३८ पत्ते पुरतात. गट ठरलेला असल्यामुळे नोंदी आटोक्यात राहतात, आणि परवान्याच्या अटींप्रमाणे त्या किमान दोन वर्षे जपायच्या आहेत. सगळ्या उपकरणांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळलेली असावीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत ते स्पष्ट सांगितले आहे, आणि घड्याळ पाच मिनिटे चुकले तर पोलिसांच्या पत्राला तुम्ही भलत्याच माणसाचे नाव द्याल. सोबत आयपीव्ही६ सुरू करा. मोठ्या साइट त्यावर गेल्या की नॅटवरचा भार डोळ्यांना दिसेल इतका उतरतो.

दोन अपस्ट्रीम म्हणजे दोन वाटा, असे कागदावर वाटते. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात कणकवलीजवळ मी एका चरात उतरलो होतो. जेसीबीच्या एकाच ओरखड्यात केशरी आणि निळी अशी दोन डक्ट (केबलच्या नळ्या) उचकटून वर आली होती आणि त्या दोन्हींत माझ्या ‘स्वतंत्र’ लिंक होत्या. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिले, चर एकच. तुमच्या बाबतीत देवगड ते नांदगाव हा पट्टा धोक्याचा आहे, कारण दोन्ही अपस्ट्रीम बहुधा त्याच रस्त्याने येतील. पुढे एक लिंक फोंडाघाटाने कोल्हापूरकडे जाणारी आणि दुसरी महामार्गाने रत्नागिरीकडे किंवा गोव्याकडे जाणारी असावी. दोन्ही घाटातूनच जात असतील, तर एका दरडीत दोन्ही जातील. करार झालेला असला तरी दोघांकडून मार्गाचा नकाशा मागा आणि गाडी काढून तो स्वतः पाहून या. पहिल्या वीस किलोमीटरपुरता वेगळा मार्ग मिळत नसेल, तर एका बाजूला रेडिओ लिंक ठेवा. तिची क्षमता कमी असली तरी बँका, दवाखाने आणि तुमचे स्वतःचे व्यवस्थापन तिच्यावर तग धरेल.

राहिली हवा. बंदराजवळच्या माझ्या एका पीओपीत (उपकरणांच्या खोलीत) तीन वर्षे चाललेला राउटर मी उघडला, तेव्हा पंख्यामागच्या जाळीवर मिठाचा पांढरा थर होता आणि दोन एसएफपींच्या (फायबर जोडण्यासाठी पोर्टात खोचायच्या मॉड्यूलच्या) बोटांवर हिरवट डाग पडले होते. ती पोर्ट पावसाळ्यात मधूनच चुका दाखवत आणि उन्हाळ्यात गप्प बसत. तेव्हापासून मी समुद्राच्या बाजूची खिडकी विटांनी बंद करतो, बंद कपाट वापरतो, हवा आत येते तिथे धुता येणारी जाळी बसवतो आणि पावसाळ्यात एसी कधीच बंद ठेवत नाही, कारण गार झालेल्या उपकरणावर दमट हवा शिरली की पाणी सुटते. न वापरलेल्या पोर्टांत रबरी बुचे घाला. अर्थिंगसाठी आपल्या जांभ्यावर विसंबू नका. तो मे महिन्यात पूर्ण कोरडा पडतो आणि वळवाच्या पहिल्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. खड्डा खोल घ्या, बेंटोनाइट भरा आणि एप्रिलअखेर त्याचा रोध मोजा. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरच्या गावांत वीज परत यायला दिवस लागले होते, त्यामुळे बॅटऱ्यांबरोबर लहान जनित्र आणि त्याच्या डिझेलचा साठाही खर्चात धरा.

सगळे जोडून झाले की एका कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, ग्राहकांना आदल्या दिवशी कळवून, पहिल्या अपस्ट्रीमची पॅच कॉर्ड स्वतःच्या हाताने काढा आणि अर्धा तास तशीच ठेवा. त्या अर्ध्या तासात बाहेरच्या लुकिंग ग्लासवर तुमचा ब्लॉक कोणत्या वाटेने दिसतो, तो वैध दिसतो का, बँकेचे पान उघडते का, हे लिहून ठेवा. मग ती परत लावून दुसरी काढा. हे मे संपण्याआधी करा.